नागपूरच्या उन्हाळ्यात जुना कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर

एप्रिल संपत आला की नागपुरात जुन्या कॉम्प्युटरच्या तक्रारी सुरू होतात, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा वाढतात. त्याला कारणे आहेत. पारा ४५ अंशांच्या आसपास, खिडकीतला कूलर दिवसभर खोलीत सोडतो ती दमट हवा, तिच्यासोबत आत येणारी धूळ, आणि दुपारी लाइन जाऊन येताना कमी-जास्त होणारे व्होल्टेज. दहा-बारा वर्षे जुन्या यंत्राला हे सगळे एकदम सोसावे लागते. मग एके दिवशी बटण दाबले तरी काही होत नाही आणि घरातले कुणीतरी म्हणते, "गेला हा. आता नवीनच घेऊ."

जरा थांबा. सुरू न होणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बऱ्याचदा काहीच जळलेले नसते. रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, पट्टीवर पुटे चढलेली असतात, एखादी केबल सैल झालेली असते, मदरबोर्डवरची, म्हणजे सगळे भाग जिला जोडतात त्या मुख्य पाटीवरची, नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, किंवा बिघाड कॉम्प्युटरमध्ये नसून बाहेरच्या यूपीएसमध्ये असतो. हे शोधायला इंजिनिअर असावे लागत नाही. क्रम पाळावा लागतो: बाहेरून आत जायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर सुरू झाला, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून करावे लागते.

ज्यांनी आजवर कॅबिनेट उघडलेले नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. भर टेबलावरच्या डेस्कटॉपवर आहे. लॅपटॉपबद्दल पुढे थोडे आहे.

आधी नीट बघा, नीट ऐका

"सुरू होत नाही" या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार असतात. पहिला: बटण दाबल्यावर ना दिवा, ना पंखा, ना आवाज. दुसरा: पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच राहते. तिसरा: स्क्रीनवर कंपनीचे नाव किंवा पांढरी अक्षरे येतात आणि गाडी तिथेच अडते. चौथा: विंडोजचे चिन्ह दिसते, मग निळी स्क्रीन येते किंवा मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होते.

आपला प्रकार कोणता ते कागदावर लिहा. स्क्रीनवर काही अक्षरे येत असतील तर मोबाइलने फोटो काढा, कारण ती अनेकदा दोन सेकंदांत निघून जातात. बिघाडाच्या आधी काय झाले तेही आठवा. लाइन गेली होती का, वीज कडाडली होती का, कुणी टेबल सरकवले का, कुणी नवा पेन ड्राइव्ह लावला का. पुढची सगळी तपासणी या टिपणावर चालणार आहे, आणि शेवटी दुकानात जावे लागलेच तर हेच टिपण तुमचे पैसे वाचवेल.

पहिला आजार: काहीच होत नाही

सुरुवात भिंतीवरच्या बोर्डापासून. आपण सॉकेटमध्ये टेस्टर घालतो, तो पेटतो आणि आपण म्हणतो, लाइन आहे. पण टेस्टर फक्त फेज आहे एवढेच सांगतो. न्यूट्रलची तार तुटलेली किंवा सैल असेल तरीही तो पेटतो. म्हणून त्याच सॉकेटला टेबल फॅन किंवा टेबल लॅम्प लावून बघा. पंखा नेहमीच्या वेगाने फिरला तरच तो सॉकेट ठीक.

मग यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही बाजूला काढा आणि कॉम्प्युटरची केबल थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला लावा. ही पायरी लोक सर्रास गाळतात. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी लेड-ॲसिडची असते आणि तिला उष्णता मानवत नाही. ढोबळ हिशेब असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर टेबलाखालच्या कोंदट जागेत ठेवलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, आणि बॅटरी गेलेले काही यूपीएस पुढे वीजच सोडत नाहीत. अशा वेळी लोक कॉम्प्युटर उचलून दुकानात नेतात आणि यूपीएस घरीच राहतो. दुकानात कॉम्प्युटर चालतो, घरी आणला की पुन्हा बंद.

आता केबल. अनेक मॉनिटरांना मागे अगदी तशीच केबल असते. मॉनिटरचा दिवा लागत असेल तर त्याची केबल काढून कॅबिनेटला लावा. एक पैसाही खर्च न करता एक शक्यता मिटली.

कॅबिनेटच्या मागे, जिथे केबल लागते तिथे एसएमपीएस असतो, म्हणजे भिंतीतल्या विजेचे कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारा लोखंडी डबा. त्यावर काळे बटण असेल तर ते रेघेच्या बाजूला दाबलेले हवे, शून्याच्या बाजूला नको. साफसफाई करताना ते चुकून दाबले जाते. काही जुन्या डब्यांवर लाल सरकते बटणही असते, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेले असते. ते २३० वरच राहू द्या. आपल्याकडे ते ११५ वर नेले तर एसएमपीएस तिथल्या तिथे फुटतो.

अर्थिंगबद्दल इथेच सांगतो, कारण विदर्भात हा प्रश्न मोठा आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते का? तसे असेल तर घराचे अर्थिंग नीट नाही. एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर पत्र्यावर थोडी वीज सोडतात, ती अर्थच्या तारेतून जमिनीत जायला हवी. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, काळ्या मातीला भेगा जातात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली माती वीज नीट घेत नाही. खड्ड्यात पाणी टाकण्याची जुनी पद्धत यासाठीच आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत घालून कॉम्प्युटर चालवू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हे कॉम्प्युटरसाठी आहेच, त्याहून जास्त घरातल्या माणसांसाठी आहे.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी

केबल भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करून चालणार नाही, प्लगच काढा. मग कॅबिनेटचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. गंमत म्हणजे लाइनच्या झटक्यानंतर अडकून बसलेले कॉम्प्युटर कधीकधी एवढ्यानेच बरे होतात. प्लग परत लावून एकदा बघाच. नाही झाले तर प्लग पुन्हा काढून पुढे चला.

समोरून बघताना डाव्या हाताचा पत्रा मागचे दोन स्क्रू काढून मागे सरकवला की निघतो. आत हात घालण्याआधी पत्र्याच्या उघड्या, रंग नसलेल्या भागाला हात लावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगावर साचलेली स्थिर वीज रॅमला मारू शकते. गादीवर, सतरंजीवर बसून हे काम करू नका, लाकडी टेबल उत्तम. आणि काहीही हलवण्याआधी आतल्या जोडण्यांचे चार-पाच फोटो काढा.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही वेळ टिकतो.

कूलरच्या दमट हवेत धूळ नुसती बसत नाही, ती चिकटते. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये तिचा जाड थर बसतो आणि हवा जायला जागाच उरत नाही. तो रंगकामाच्या कोरड्या ब्रशने आणि थंड हवेच्या ब्लोअरने काढा. पंख्यावर हवा मारताना पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भरधाव फिरून खराब होतो. ओले फडके आत नेऊ नका. मेलेली पाल, मुंग्यांचे वारूळ, उंदराने कुरतडलेली तार असे काही दिसते का तेही बघा. तळमजल्यावरच्या घरांत आणि दुकानांच्या मागच्या खोल्यांत हे हमखास निघते.

साफसफाई झाली की मदरबोर्डवरच्या दोन जोडण्या बोटाने दाबून बघा: २४ पिनांचा लांबट, आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा चौकोनी. दुसरा सैल असेल तर पंखे फिरतात, पण कॉम्प्युटर उठत नाही.

अजूनही काहीच होत नसेल तर बटणावर संशय घ्या. वर्षानुवर्षे दाबून समोरचे पॉवर बटण झिजते. त्यातून निघालेली बारीक दोन तारांची जोडणी मदरबोर्डच्या कोपऱ्यात जाते आणि तिच्यावर पॉवर एसडब्ल्यू असे लिहिलेले असते. तिच्या शेजारीच रीसेट बटणाची जोडणी असते. पॉवरची काढा आणि त्याच दोन पिनांवर रीसेटची लावा. मग रीसेट बटण दाबून कॉम्प्युटर सुरू झाला तर सगळा बिघाड त्या बटणातच होता. अनेकजण हीच अदलाबदल कायम ठेवतात आणि वर्षानुवर्षे वापरतात.

समोरचे यूएसबी पोर्टही बघा. त्यातली पिन वाकून पत्र्याला टेकली असेल तर मदरबोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी लगेच बंद होतो.

राहिला एसएमपीएस. मदरबोर्डवर हिरवा दिवा लागत असेल तर निदान स्टँडबायची, म्हणजे कॉम्प्युटर बंद असतानाही येणारी, वीज पोचते आहे. लागत नसेल, किंवा तुमच्या बोर्डावर असा दिवाच नसेल, तर ओळखीच्या कुणाकडून चालू एसएमपीएस दोन तासांसाठी आणून लावून बघणे हा नवख्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग. हिरव्या आणि काळ्या तारेला पिन जोडून एसएमपीएस सुरू करण्याची युक्ती तुम्ही ऐकली असेल. तिने पंखा फिरतो की नाही एवढेच कळते, भार पेलतो का ते कळत नाही. मल्टिमीटर वापरता येत असेल तर कॉम्प्युटरला जोडलेला असतानाच मोजा: पिवळ्या तारेवर १२, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट, प्रत्येकी पाच टक्के कमी-जास्त चालते. नवा घ्यायचा झाला तर सर्वांत स्वस्त घेऊ नका. निकृष्ट एसएमपीएस मरताना मदरबोर्डलाही सोबत नेतो.

दुसरा आजार: पंखा फिरतो, स्क्रीन काळी

पावसाळ्याच्या तोंडावर हा सर्वांत जास्त दिसतो, आणि घरी बरा होण्याची शक्यताही याच्यातच सर्वांत जास्त.

आधी मॉनिटर. त्याची व्हीजीए केबल, म्हणजे चित्र नेणारी केबल, कॅबिनेटमधून काढा. मॉनिटरवर "नो सिग्नल" अशी पाटी आली तर मॉनिटर जिवंत आहे. केबल परत लावताना कुठे लावता ते बघा. मशीनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यालाच हवी, मदरबोर्डच्या पोर्टला नको. टेबल हलवल्यानंतर घडणारी ही नेहमीची चूक आहे.

मग रॅम. प्लग काढून, रॅमच्या स्लॉटच्या दोन्ही टोकांचे खटके बाहेर दाबा म्हणजे पट्टी वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी टोके असतात. दमट हवेने त्यांवर पुटे चढतात, डोळ्यांना फारशी दिसत नाहीत, पण वीज अडवतात. शाळेतला साधा पांढरा खोडरबर घ्या आणि दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासा. वाळूचा खरखरीत खोडरबर नको, तो सोनेरी मुलामाच खरवडतो. उरलेला भुसा ब्रशने झटका, टोकांना बोट लावू नका. स्लॉटमध्येही ब्लोअरने हवा मारा.

आता एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये बसवा. पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. दोन्ही खटके आपोआप टक्कन बसले पाहिजेत. नवख्यांचा हात इथे घाबरतो आणि पट्टी अर्धवट बसते, म्हणून सांगतो: बऱ्यापैकी जोर लागतो. मात्र खाच जुळत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर २ आणि डीडीआर ३ या रॅमच्या दोन पिढ्या दिसायला सारख्या असतात, दोन्हींना २४० पिना असतात, पण खाचेची जागा वेगळी असते आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

सुरू करून बघा. नाही झाले तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी पहिल्यात. दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट म्हणजे चारच प्रयोग. प्रत्येक वेळी आधी प्लग काढायचा. यात कंटाळा करू नका, कारण खराब स्लॉट आणि खराब पट्टी ओळखण्याचा घरी दुसरा मार्ग नाही.

आवाजाकडेही लक्ष द्या. मदरबोर्ड बोलतो, फक्त त्याला छोटा बझर जोडलेला हवा. स्वस्त कॅबिनेटमध्ये तो नसतो, पण अगदी थोड्या पैशांत मिळतो. जुन्या बोर्डांवर एकच छोटी बीप म्हणजे सारे ठीक. लांब बीप थांबून थांबून येतच राहिली तर बहुधा रॅम. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे अवॉर्ड कंपनीचा बायोस (कॉम्प्युटरला उठवणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) असलेल्या बोर्डांवर ग्राफिक्सचा दोष. बायोस बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे या खुणा बदलतात, म्हणून आपल्या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेतला तक्ता खरा माना.

बझर जोडलेला आहे, चालतोही, आणि तुम्ही रॅम पूर्ण काढून सुरू केले तरी बीप येत नाही? मग प्रोसेसर किंवा मदरबोर्डवर संशय घ्यावा लागतो. तिथे जाण्यापूर्वी एक प्रयोग उरतो: हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड, पेन ड्राइव्ह, प्रिंटर, सगळे काढून फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस यांवर सुरू करा. मदरबोर्डला स्वतःचा डिस्प्ले नसेल तर अर्थातच कार्ड ठेवा. उठला, तर एकेक वस्तू परत जोडत जा. जिच्याने पुन्हा बंद पडेल ती दोषी.

याच वेळी मदरबोर्डवरच्या उभ्या गोल डब्यांकडे बघा, त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांचे डोके सपाट असायला हवे. फुगलेले असेल किंवा वर तपकिरी चिकट डाग असेल तर तो गेला. २००० ते २००७ च्या सुमाराच्या बऱ्याच बोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर लागले होते आणि जगभर हे बोर्ड असेच मेले. कुशल कारागीर कपॅसिटर बदलून देतो. तुम्ही स्वतः सोल्डरिंग गन उचलू नका.

सुरू होतो आणि काही सेकंदांत बंद पडतो

वरच्या चारांत न बसणारा हा उन्हाळ्याचा खास आजार, मेअखेरच्या नवतप्यात तर विचारूच नका. प्रोसेसर तापला की स्वतःला बंद करतो. प्रोसेसरवरचा पंखा फिरतो का, आणि त्याखालची पाती पक्की बसली आहेत का, ते बघा. इंटेलच्या त्या काळच्या पंख्यांना चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. एखादी जरी निसटली तरी पाती तिरकी होते आणि उष्णता बाहेर जात नाही. निसटलेली खुंटी वर घेऊन सरळ खाली दाबा, टक् आवाज आला पाहिजे.

पाती आणि प्रोसेसर यांच्यामध्ये करडी पेस्ट असते. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने ती वाळून भुकटी होते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मध्यभागी लावायची, बस. एएमडीचा जुना प्रोसेसर असेल तर पाती सरळ वर ओढू नका. प्रोसेसर तिला चिकटून पिनांसकट उपटून येतो. कॉम्प्युटर काही मिनिटे चालू शकत असेल तर आधी थोडा गरम होऊ द्या, मग प्लग काढा आणि पाती हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

कॅबिनेटची जागाही बदला. टेबलाच्या बंद कप्प्यात ते कोंडते आणि कूलरच्या थेट झोतात ओल येते. भिंतीपासून वीतभर दूर आणि झोतापासून बाजूला ठेवा.

तिसरा आजार: अक्षरे येतात, पुढे जात नाही

इथवर आलात म्हणजे वीज, रॅम, प्रोसेसर, मॉनिटर सगळे चालते आहे. आता बातमी वाचायची.

"सीमॉस चेकसम एरर" किंवा "एफ १ दाबा" असे येत असेल, किंवा तारीख दहा-पंधरा वर्षे मागे गेलेली असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी संपली. घड्याळाच्या दुकानातही ती मिळते. प्लग काढून खटका दाबा, जुनी निघते. नवी बसवताना अधिक खुणेची बाजू वर. मग सुरू करताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा आणि तारीख-वेळ भरा. तारीख चुकीची राहिली तर पुढे बँकेच्या आणि सरकारी वेबसाइट सुरक्षेचा इशारा देऊन उघडतच नाहीत, आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो.

या बॅटरीचा आणखी एक फटका आहे, आणि त्यापायी कितीतरी चांगली मशीन विनाकारण फॉरमॅट झाली आहेत. बॅटरी संपली की बायोसमधल्या सगळ्या सेटिंग मूळ पदावर येतात. त्यांत साटा मोड नावाची एक सेटिंग असते, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत: आयडीई किंवा एएचसीआय. विंडोज टाकताना होती तीच लागते. ती बदलली की विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन येते आणि तिच्यावरच्या आकड्याच्या शेवटी ७बी असते. दुकानात सांगतात, विंडोज खराब झाले, फॉरमॅट करावे लागेल. तुम्ही बायोसमध्ये जाऊन एएचसीआय असेल तर आयडीई करा, आयडीई असेल तर एएचसीआय करा, सेव्ह करून बाहेर या. या अदलाबदलीने डिस्कवरची एकही फाइल जात नाही. तिथे रेड (आर-ए-आय-डी) असे लिहिलेले असेल तर मात्र हात लावू नका.

"ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड", "बूट डिव्हाइस नॉट फाउंड", विंडोज एक्सपीच्या काळचे "एनटीएलडीआर इज मिसिंग" किंवा व्हिस्टापासून पुढच्या विंडोजचे "बूटएमजीआर इज मिसिंग" असे आले तर सर्वांत आधी लावलेला पेन ड्राइव्ह आणि आत राहिलेली सीडी काढा. कॉम्प्युटर त्यांवरच विंडोज शोधत असू शकतो. मग बायोसमध्ये हार्ड डिस्कचे नाव दिसते का बघा. दिसत असेल तर बूटच्या क्रमात तिला पहिली करा. दिसत नसेल तर डिस्कच्या दोन्ही केबल काढून परत लावा, आणि डेटाची बारीक केबल दुसऱ्या साटा पोर्टला लावून बघा. या केबल स्वस्त असतात आणि खराबही होतात.

डिस्कमधून ठराविक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. प्रत्येक प्रयत्नात आतली चकती आणखी ओरखडली जाऊ शकते. त्यावर महत्त्वाचे काही असेल तर ती डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्या.

चौथा आजार: विंडोज अर्ध्यावर अडते

विंडोज ७ किंवा त्याआधीचे असेल तर सुरू होताना एफ ८ दाबत राहा आणि "लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन" निवडा, नाही जमले तर सेफ मोड. विंडोज १० दोन-तीनदा नीट सुरू झाले नाही की स्वतःच दुरुस्तीची निळी पाने दाखवते. त्यात "स्टार्टअप रिपेअर" आणि मग "सिस्टिम रिस्टोअर" या क्रमाने जा. "रीसेट" हा पर्याय सगळ्यात शेवटी, आणि तोही फाइली बाहेर काढल्यानंतरच.

फाइली बाहेर काढायला विंडोज चालू असावे लागत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, तयार करा. हे मोफत आहे, मात्र त्या पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने हे होते. मग जुन्या कॉम्प्युटरला तो पेन ड्राइव्ह लावा आणि बूट मेनूमधून निवडा. मेनूची कळ कंपनीप्रमाणे एफ १२, एफ ११, एफ ८ किंवा एस्केप असते. मशीन ६४ बिटचे आणि २ जीबी रॅमचे असले तरी पुरते. काहीही इन्स्टॉल न करता डेस्कटॉप उघडतो, तुमच्या ड्राइव्ह दिसतात, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. इन्स्टॉलचे चिन्ह समोरच दिसेल, त्यावर क्लिक करू नका.

विंडोज पुन्हा टाकायची वेळ आलीच तर लक्षात असू द्या: एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळणे ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० चा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचे व्यवहार जुन्या विंडोजवर करू नका. त्यापेक्षा लिनक्स मिंट कायमचे टाका. आणि हार्ड डिस्कऐवजी साटा एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, लावली तर दहा वर्षांचा डेस्कटॉपही घरकामाला सहज पुरतो. माझ्या मते जुन्या यंत्रावर करण्याजोगा खर्च हाच एक.

लॅपटॉप असेल तर

चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून सुरू करा. स्क्रीन काळी असेल तर अंधारात टॉर्च तिरकी धरून बघा. चित्र पुसट दिसत असेल तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. बाहेरचा मॉनिटर लावला की काम भागते. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्ज करू नका, दाबू नका, तशीच कारागिराकडे न्या.

बर्डीवर जाताना

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानांत जुनी रॅम, एसएमपीएस, पंखे शोधले की सापडतात. जाताना जुना भाग सोबत न्या, नुसते नाव सांगून चुकीचा भाग घरी येतो. पूर्ण मशीन दुरुस्तीला देणार असाल तर शक्य तेव्हा हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. बिघाड विजेचा किंवा रॅमचा असेल तर ती नसतानाही दुरुस्ती करता येते. द्यावीच लागली तर पावतीवर लिहून घ्या: विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचे नाही. बदललेला जुना भाग परत मागा. आणि तुमचे टिपण दाखवा. "सुरू होत नाही" असे सांगणारा गिऱ्हाईक आणि "पंखा फिरतो, एकच रॅम लावून दोन्ही स्लॉट बघितले, बीप येत नाही" असे सांगणारा गिऱ्हाईक यांच्याशी कारागीर वेगळे बोलतो.

मदरबोर्डच गेला असे निघाले तर तेवढ्याच जुन्या बोर्डावर मोठा खर्च करू नका. हार्ड डिस्क चांगली असते. साटा-यूएसबी केसिंग, म्हणजे डिस्क यूएसबीने जोडता येणारा डबा, घेऊन ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉपवाल्या मोठ्या डिस्कला स्वतःचा ॲडॅप्टर असलेलेच केसिंग लागते, तेवढे दुकानात सांगा. मग यूझर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स सापडतील. दुकानाचे हिशेब टॅलीत असतील तर ते या चारांत बहुधा नसतात, सी ड्राइव्हवर टॅलीच्याच फोल्डरात डेटा नावाने असतात. आणि जुनी मराठी कागदपत्रे कृतिदेव किंवा श्री-लिपीत टाइप केलेली असतील, तर विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स हा फोल्डरही कॉपी करा. ते फॉन्ट नसतील तर नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडेल, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसेल.